माझ्या नावाच्या पाच मुठी

मांजर आडवं गेलं की लोक थांबतात. मी मांजर आडवं जावं म्हणून थांबायचो.

जळगावला हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका किराणा दुकानात काळं मांजर होतं. सकाळी शाळेला निघालो की मी सायकल धरून त्याच्याकडे बघत उभा राहायचो. ते आडवं गेलं की नेमकी त्याच वाटेने सायकल काढायची, म्हणजे गल्लीतल्या लोकांना धडा मिळेल, असा माझा बेत. मांजराला समाजसुधारणेची काही पडलेली नव्हती. ते पोत्यावर बसून अंग चाटत राहायचं. त्याच्यापायी मस्टरवर दोनदा माझा उशिराचा शेरा लागला, आणि मुख्याध्यापकांना कारण सांगताना माझी जी पंचाईत झाली ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. गल्लीतल्या लोकांना एवढंच कळलं, की नवे सर मांजराला घाबरतात.

विज्ञान मला धुळ्याला कॉलेजात असताना चढलं. चढलं म्हणजे अक्षरशः चढलं. जगातल्या सगळ्या गोष्टींचे मी दोन ढीग केले. एक सिद्ध झालेल्या गोष्टींचा, दुसरा थोतांडाचा. मधे काही नाही. माणसांचेही दोनच ढीग, डोळस आणि आंधळी. डोळसांच्या ढिगात खरं तर मी आणि आमचे भौतिकशास्त्राचे सर, असे दोघंच होतो. शेवटच्या वर्षी सरांच्या बोटात खड्याची अंगठी दिसली आणि मी त्यांनाही काढून टाकलं. त्यानंतर त्या ढिगात फारशी गर्दी राहिली नाही.

पहिली स्कूटर मी अमावस्येला घेतली. दुकानदार हात जोडून म्हणाला, सर, उद्या न्या, गाडी कुठे पळून जात नाही. मी म्हटलं, आजच. लग्नाची तारीख धरली तीही अशी, की त्या दिवशी अख्ख्या खानदेशात दुसरं लग्न नसावं. मंगल कार्यालय लगेच मिळालं. पण वाईट दिवस गाठायचा तर तो कोणता हे आधी बघायला लागतं. त्यामुळे आमच्या सगळ्या भाऊबंदकीत पंचांग सगळ्यात जास्त कोण चाळत असेल, तर मी. ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नाही. माझ्या बायकोच्या आली. ती दोंडाईच्याची, माझ्यासारखीच बी.एस्सी., फरक इतकाच की ती फर्स्ट क्लास होती आणि मी सेकंड. लग्नाला सहा महिने झाले असतील, तिने तिथी-वारांचं मोठं कॅलेंडर आणलं आणि माझ्या खाटेच्या उशाशी खिळा ठोकून टांगलं. म्हणाली, तुम्हाला सारखं लागतं.

आता कानबाईबद्दल सांगतो, कारण माझी खरी लढाई तिच्याशी होती.

आमचं गाव भडगावपासून जवळच, गिरणेच्या काठी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे आणि नथ लावून तिला पाटावर मांडतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या जेवणाला रोट म्हणतात. खापरावरच्या ताटाएवढ्या पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. घराघरांच्या रिती वेगळ्या, पण आमच्या घरची अशी, की रोटाचे गहू घरात पुरुष किती त्या हिशेबाने घ्यायचे. माणशी पाच मुठी. बायकांचे गहू अंदाजाने टाकतात, ते कोणी मोजत नाही. ज्याच्या नावाच्या पाच मुठी, त्याच्या पोळ्या त्यानेच खायच्या, आणि पौर्णिमेच्या आत संपवायच्या. भाऊबंदकीबाहेर द्यायच्या नाहीत, लग्न झालेल्या मुलीलासुद्धा नाही, गुराढोरांना नाही, टाकायच्या तर नाहीतच.

नोकरी लागली त्या वर्षी मी ठरवलं, की रोट खायचा नाही. जळगावातच राहिलो असतो तर प्रश्न मिटला असता. पण बघायला कोणी नसेल तर न खाण्यात अर्थ काय? म्हणून मी सोमवारची रजा टाकली, पाचोऱ्याला एस.टी. बदलली आणि रोट न खाण्यासाठी मुद्दाम घरी गेलो.

वाटेत भाषण तयार केलं होतं. नारळ पाण्यावर का तरंगतो इथपासून सुरुवात, मग घनता, मग देवीची कल्पना माणसाला कशी सुचली, आणि शेवटी नव्या पिढीचं कर्तव्य. ओसरीवर उभं राहून मी ते पूर्ण म्हटलं. वडील, ज्यांना आम्ही घरातले आणि गावातले सगळेच आबा म्हणायचो, ते खांबाला टेकून शांतपणे ऐकत होते. थोरला भाऊ तेवढ्यात बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. आई परातीत कणीक तिंबत होती. माझं संपलं तसं तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले.

"भाकर टाकू का मंग?" ती म्हणाली.

झालं. ना रडणं, ना शपथा, ना देवी कोपेल वगैरे. मी लढाईला आलो होतो आणि समोरच्याने तलवारच काढली नव्हती. मला फार राग आला. त्या रागात मी भाकरी आणि ठेचा घेऊन बाहेर ओट्यावर बसलो, घराकडे पाठ करून, म्हणजे पोळीकडे नजरसुद्धा जायला नको. गंगाफळाची भाजी मला लहानपणापासून फार आवडते. ती वहिनीने वाटीत आणून ठेवली तर मी परत पाठवली. गंगाफळाचा तसा काय दोष? पण त्या दिवशी ते धार्मिक झालं होतं.

असं मी एक-दोन नाही, आठ वर्षं केलं. दर श्रावणात घरी जायचं, ओट्यावर बसायचं, भाकरी खायची आणि जिंकल्यासारखं परत यायचं. लग्नानंतर बायकोही बरोबर येऊ लागली. ती सून म्हणून आमच्या भाऊबंदकीत आली होती, तेव्हा रितीप्रमाणे तिला रोट चालत होता, आणि तिचीही त्याला काही ना नव्हती. पहिल्याच वर्षी तिने दोन पोळ्या खाऊन तिसरी घेतली. मी एकांतात तिला म्हटलं, तू विज्ञानाची पदवीधर आहेस. ती म्हणाली, "मग पदवीने पुरणाची चव बदलते का?" मी तिला आंधळ्यांच्या ढिगात टाकलं आणि संसार चालू ठेवला.

लग्नानंतरच्याच वर्षी आबांना साखर निघाली. आता मात्र मी शिकलो त्याचा घराला उपयोग होणार होता. शाळेच्या प्रयोगशाळेतून साखर तपासायचं निळं द्रावण, दोन परीक्षानळ्या, चिमटा आणि स्पिरिटचा दिवा अशी सामग्री पिशवीत घालून मी महिन्यातून एकदा गावी जाऊ लागलो. आबांची लघवी नळीत घ्यायची, द्रावण घालून तापवायची, आणि रंग बघायचा. निळा राहिला तर ठीक. मग हिरवट, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. गावात बातमी पसरली, की मास्तर जळगावहून येतो आणि ओट्यावर बसून बापाचं मूत उकळतो. माझ्या शिक्षणाबद्दल लोकांनी त्यावरून जे मत केलं असेल ते मी समजू शकतो.

आबा मोठे गुणी रोगी होते. चहातली साखर गेली, गूळ गेला, आंबे गेले, कुरकुर नाही. मी आलेखाच्या कागदावर दर महिन्याचा रंग मांडत होतो. वर्षभर निळा, हिरवट, निळा. आणि श्रावण आला की विटकरी. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी विचार केला, पाऊसपाण्यात शेतात जाणं कमी होतं, त्यामुळे असेल. आबांना छत्री देऊन रोज मारुतीच्या पारापर्यंत दोन फेऱ्या मारायला लावलं. श्रावणात विटकरी. मग मला वाटलं, या दिवसांत शेंगा नि मक्याची कणसं घरात येतात, तोच घात. मी कणसं बंद केली. आबांचा कणसांवर भारी जीव. चुलीतल्या निखाऱ्यावर कणीस भाजून खायचं आणि दाढेत अडकलेलं काडीने काढत बसायचं, हे त्यांचं पावसाळ्याचं सुख. ते त्यांनी एका शब्दाने न विचारता सोडून दिलं. श्रावणात परत विटकरी.

रोट सोडल्याच्या आठव्या वर्षी, श्रावण सरल्यावर, बायको माझ्या टेबलावर आवरासावर करत होती. तिने तो आलेखाचा कागद उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, हे कानबाईचं आहे.

मी म्हटलं, शक्य नाही. आबा रोट खातात हे मला माहीत आहे, पण आपल्या एकाच वाट्याचा, तोही म्हणे आई हल्ली कमी करते. एका वाट्याने एवढा रंग चढत नाही.

"आणि तुमचा?" तिने विचारलं.

"माझा कसला? मी खातच नाही."

"तेच म्हणते. तुमचा."

मग तिने मला माझ्याच घरची रीत समजावून सांगितली. मी रोट खात नाही म्हणून माझ्या मुठी पडायच्या थांबल्या नव्हत्या. दर वर्षी माझ्या नावाचे गहू दळले जात होते आणि माझ्या नावाच्या पोळ्या होत होत्या. आणि एखाद्याने आपला वाटा खाल्ला नाही, तर तो दुसऱ्या कोणाला चालत नाही. भावाला नाही, पुतण्याला नाही. लेकाचा राहिलेला वाटा फक्त बापाला चालतो. मी बाहेर ओट्यावर बसून भाकरीबरोबर तत्त्व चघळत होतो, आणि आत आबा दोन माणसांचं पुरण खात होते. उरलेल्या माझ्या पोळ्या पौर्णिमेपर्यंत रोज थोड्या थोड्या, आमटीत कुस्करून.

मी तिला म्हटलं, हे मला आजपर्यंत कोणी का सांगितलं नाही? ती म्हणाली, सगळ्या गावाला माहीत आहे. मला वाटलं तुम्हालाही माहीत असेल, आणि तुम्ही तत्त्वासाठी गप्प बसत असाल.

हे वाक्य मला फार लागलं. अजूनही लागतं.

त्याच्या पुढच्या वर्षी आषाढात आबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली. एवढीशी जखम, पण भरेना. जळगावला आणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पट्टी बांधली, गोळ्या बदलल्या आणि आबांच्या देखतच मला सांगितलं, की पुढचा महिनाभर साखर ताब्यात राहिली तर अंगठा राहील, नाहीतर काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबेल याची खात्री नाही. मी उशाशी टांगलेलं कॅलेंडर बघितलं. कानबाईला बारा दिवस होते.

शनिवारी सकाळी मी घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर रोटाचे गहू निवडत होती. आबा खाटेवर पाय लांब करून बसले होते, पट्टीवर माशी बसू नये म्हणून हातात फडकं. मी पिशवी ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. या वर्षी माझ्या मुठी टाकायच्या नाहीत. मुठी नाहीत तर पोळ्या नाहीत, पोळ्या नाहीत तर आबांना खायला लागणार नाहीत. यात समजायला अवघड काय आहे?

आईने सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.

"जित्ता मानूसनी मूठ कशी गाळू?" ती म्हणाली.

मुठी फक्त गेलेल्या माणसाच्या थांबतात, हे मला तेव्हा कळलं. धाकटे काका गेले त्या श्रावणात तिने त्यांच्या पाच मुठी टाकल्या नव्हत्या, आणि गहू मोजताना हात तिथे अडला होता, असं तिने सांगितलं. मी वैतागलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, की मग समज मी मेलो.

आईने सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेली. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. मला लगेच वाईट वाटलं, पण सुंभ जळाला तरी पीळ जातो का? माफी मागायची सोडून मी तिसरी वाट शोधायला लागलो.

आणि काय काय शोधलं म्हणून सांगू. आधी भावाला गाठलं. तो म्हणाला, मी एका पायावर खाईन, पण आईला चालणार नाही. मग भाऊबंदकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या नानांकडे गेलो. ते चिलीम भरत होते. मी विचारलं, हा नियम कोणी केला? त्यांनी विचार करून सांगितलं, की त्यांच्या आजोबांच्या वेळी तो जुना होता. रोट पाण्यात सोडता येईल का, म्हटलं. नाही. पुरता येईल का? उष्टं-खरकटं पुरतात, चांगली पोळी नाही. दुपारपर्यंत मी गावात हिंडून हिंडून एका पोळीची विल्हेवाट लावायचे सात मार्ग विचारले. सगळ्यांना एक आठवा मार्ग दिसत होता. तो मला कोणी सुचवला नाही, कारण मी ओसरीवर आठ वर्षांपूर्वी केलेलं भाषण अजून सगळ्यांच्या लक्षात होतं.

घरी परतलो तर बायको दारातच उभी होती. तिने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि हळूच विचारलं, की पोळी खाल्ली म्हणजे माणूस कानबाईला मानतो, हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झालंय? मी पाणी प्यायलो. तसा प्रयोग माझ्या माहितीत नव्हता.

आत आबा म्हणत होते, "ऱ्हाऊ दे. मी खाई लिसू."

ते असं म्हणाले, जसं कोणी म्हणावं, राहू दे, बादली मी उचलतो. अंगठ्याला पट्टी होती. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. माझा बाप पायाचा अंगठा द्यायला तयार होता, आणि मी, ज्याचं काहीच जाणार नव्हतं, तो सकाळपासून गावभर माझं तत्त्व वाचवत फिरत होतो. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

तेवढ्यात आईने मुठी मोजायला घेतल्या. ही मोजणी मी मोठेपणी कधी बघितली नव्हती, कारण बघणं हेसुद्धा मला सामील होण्यासारखं वाटायचं. भावाच्या नावाच्या पाच तिने आपल्या हाताने टाकल्या. मग भावाच्या चार वर्षांच्या मुलीला हाक मारली, तिला मांडीवर घेतलं आणि तिचा हात गव्हात घातला. त्या इवल्याशा मुठीने पाच वेळा गहू परातीत पडले. मिळून एक वाटीसुद्धा भरली नसती.

मी विचारलं, हे काय?

आई म्हणाली, ही आबांची. गेल्या दोन वर्षांपासून अशीच टाकते.

मला धक्काच बसला. ज्या नियमावर मी आठ वर्षं डोकं आपटत होतो, तो तिने असा मांडीवर घेऊन बसवला होता. आणि ज्या पोरीच्या नावाची मूठ मुलगी म्हणून कधी पडत नाही, तिच्याच मुठीने. मी म्हटलं, असं चालतं? एवढे कडक नियम तुमचे, आणि असं चालतं?

"कोनी मूठ, ते कोठे लिखेल शे?" आई म्हणाली. मुठी पाच एवढंच ठरलेलं होतं, हात कोणाचा ते नाही.

मग माझी पाळी आली. पोरीला तिने मांडीवरून उतरवलं, आपला हात गव्हात खोलवर घातला आणि बोटांतून सांडतील इतके भरून काढले. एक. दोन. मी म्हटलं, अगं, थांब. आबांच्या मुठी लहान केल्यास, मग माझ्याच अशा का? शेवटी खातात तेच ना?

ती थांबली नाही. तिसरी टाकली, चौथी टाकली.

"तू दर साल उपाशी ऱ्हास," ती म्हणाली.

एका हाताने ती आबांची साखर वाचवत होती, आणि दुसऱ्या हाताने माझ्यासाठी भरभरून टाकत होती. दर वर्षी तिला वाटत होतं, की या वर्षी हा खाईल. हिशेबाचं बघायचं तर हा शुद्ध वेडेपणा होता. 

मी म्हटलं, आई, मी खाईन.

तिने मान वर केली नाही. पाचवी मूठ टाकली आणि मग आणखी एक टाकली. मी म्हटलं, पाचच असतात ना? ती म्हणाली, मोजायला चुकले.

रविवारी मी आत, पंगतीत पाटावर बसलो. मला वाटलं होतं, निदान हशा होईल. मास्तरांचा कसा उतरला ताठा, असं कोणी तरी म्हणेल, आणि मी त्याला सणसणीत उत्तर देईन. तेही तयार होतं. नानांनी माझ्याकडे बघितलं, नि आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवायला सांगितलं. बस. भाऊबंद जेवत होते. मी पहिली पोळी खाल्ली, दुसरी खाल्ली, दूध ओतून तिसरी खाल्ली. सहा मुठींचे गहू, आणि तेवढंच पुरण. चौथ्या पोळीच्या अर्ध्यात मला घाम फुटला. उरलेल्या मी सोमवारी सकाळी आणि दुपारी संपवल्या, एक दिवसाची रजा वाढवून. पुढचे तीन दिवस माझ्या पोटात जे चाललं होतं त्याला कोणतीही देवी जबाबदार नव्हती.

देवीला मी नमस्कार केला नाही. कोणी सांगितलंही नाही. आठ वर्षं मला वाटत होतं, की माझ्या हात जोडण्याकडे अख्ख्या भाऊबंदकीचं लक्ष लागलंय. कोणाचंच नव्हतं. ज्याला त्याला आपली पोळी होती.

त्या महिन्यात नळीतला रंग हिरव्याच्या पुढे गेला नाही. जखम भरत आली. पौर्णिमेनंतर आबांना जळगावला नेलं, डॉक्टरांनी अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, वाचला. घरी यावरून वाद झाला तो वेगळाच. आईच्या मते कानबाईने वाचवला. डॉक्टरांच्या मते नव्या गोळ्यांनी. मी मनातल्या मनात थोडं श्रेय माझ्या चौथ्या पोळीला देत होतो. आबांचं म्हणणं, चप्पल बदलली म्हणून. या चौघांत खरं कोण, ते मला सांगता येत नाही. पूर्वी चटकन सांगितलं असतं.

डॉक्टरांकडून निघून आम्ही जळगावच्या स्टँडवर पाचोऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. आबांनी शेंगदाण्याची पुडी घेतली होती, दाणे चोळून सालं फुंकत होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आबा, तुम्ही देवीला एवढं मानता, की अंगठ्याचीसुद्धा पर्वा केली नाही.

आबांनी फुंकर मारायची थांबवली.

"मी बी कोठे मानस?" ते म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण आबा चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सांगितलं, की तरुणपणापासूनच त्यांचा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. नारळ तो नारळ. मी ओसरीवर ते भाषण केलं तेव्हा त्यांना ते पटलं होतं, फक्त लांबलं, असं वाटलं.  धुळ्याच्या सरांना काढल्यापासून मी ज्या डोळस माणसाच्या शोधात होतो, तो आमच्याच खाटेवर बसलेला होता. मग एवढी वर्षं माझा वाटा का खाल्ला, मी विचारलं.

आबांनी हातातले दाणे माझ्या हातावर ओतले.

"तू भायेर बशे, तरी तुनी माय दर साल आत तुनं ताट वाढे," ते म्हणाले. "ते भरेल ताट तिनी उचलाले नको, म्हनीसन मी खाई लेऊ." भरलेलं ताट आईला तसंच उचलायला लागू नये, एवढ्यासाठी.

पाचोऱ्याची गाडी लागली. लोक धावले, आबाही उठले आणि नव्या चपलेत पाय सांभाळत गाडीकडे निघाले. मी मागून त्यांची पिशवी घेऊन चाललो. गाडीत शेजारी बसलो, तिकीट काढलं, आणि त्यांनी दिलेले मुठीतले दाणे पाचोरा येईपर्यंत एकेक करून सगळे संपवले.